आकाशाचे छायाचित्रकार : एडवर्ड इमर्सन बार्नार्ड

रात्रीं अंगणांत पडून आकाशाकडे पाहत असतां एखादी उल्का झर्रकन् निसटून जाते. शेजारच्यास ती दाखवावी म्हणून आपण बोट वर करतों, तोंच ती नाहींशी झालेली असते. अशी क्षणभंगुर वस्तु कांचेवर कायमची उमटवून ठेवितां येईल, हें एके काळीं कोणास खरें वाटलें नसतें. परंतु २७ नोव्हेंबर १८८५ रोजीं मोठा उल्कावर्षाव झाला, तेव्हां प्राग शहरीं वायनेक नामक ज्योतिर्विदानें एका उल्केचें छायाचित्र घेतलें. उल्केचें तें पहिलें छायाचित्र मानलें जातें. डोळ्यास जें क्षणभर दिसतें, तें छायाचित्राची कांच जपून ठेविते. आणि डोळ्यास जें मुळींच दिसत नाहीं, तें मंद तेजही ती तासन् तास सांठवून आपल्यापुढें मांडते. या दुसऱ्या गुणाचा उपयोग करून घेण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या एडवर्ड इमर्सन बार्नार्ड यांचें चरित्र मोठें बोधप्रद आहे.

अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत नॅशव्हिल शहरीं १६ डिसेंबर १८५७ रोजीं त्यांचा जन्म झाला. जन्मापूर्वींच वडील वारले होते. दोन मुलगे व घरांत अठराविश्वें दारिद्र्य, अशा स्थितींत आईनें संसार चालविला. त्यांतच १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि उपासमारीचे दिवस आले. शाळेचें तोंड एडवर्डला अवघे दोन महिने पाहावयास मिळालें. अक्षरओळख व वाचनाची गोडी हें जें कांहीं त्याला लाभलें, तें आईपासूनच.

वयाचीं नऊ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तो एका छायाचित्रकाराच्या दुकानांत नोकरीस लागला. त्या काळीं लहान छायाचित्रावरून मोठें छायाचित्र करण्यास सूर्यप्रकाश लागे. त्यासाठीं दुकानाच्या छपरावर एक अवजड कॅमेरा बसविलेला असे. सूर्य जसजसा सरके, तसतसा तो कॅमेरा हातानें फिरवून सूर्यासमोर ठेवावयाचा, एवढेंच एडवर्डचें काम. पूर्वीं ठेवलेलीं मुलें या कंटाळवाण्या कामांत डुलक्या घेत. एडवर्ड मात्र उन्हातान्हांत जागा राही. उन्हाळ्यांत रात्रीं तो उघड्यावर उताणा पडून तारे पाही. त्या ताऱ्यांशीं त्याची मैत्री झाली, पण एकाचेंही नांव त्याला ठाऊक नव्हतें. पुढें १८७६ च्या सुमारास एका मनुष्यानें त्याजकडून थोडे पैसे उसने नेले व तारण म्हणून एक पुस्तक ठेविलें. पैसे कांहीं परत आले नाहींत. पण तें पुस्तक ज्योतिषाचें होतें व त्यांत आकाशाचा नकाशा होता. तो घेऊन हा तरुण बाहेर धांवला, आणि अभिजित, श्रवण, हंस हे आपले जुने स्नेही त्यानें प्रथमच नांवानें ओळखले.

मग वर्षाच्या वेतनाचा सुमारें दोनतृतीयांश भाग, म्हणजे ३८० डॉलर, खर्चून त्यांनीं पांच इंची दुर्बिण घेतली. १८७७ सालीं नॅशव्हिल येथें विद्वानांची परिषद भरली असतां, पुढें काय करावें म्हणून त्यांनीं सुप्रसिद्ध ज्योतिर्विद सायमन न्यूकम यांस विचारलें. गणित येत नसेल तर दुर्बिण बाजूस ठेवावी आणि आधीं गणित शिकावें, असें रोखठोक उत्तर मिळालें. बार्नार्ड यांच्या डोळ्यांस पाणी आलें. परंतु राग न धरतां त्यांनीं आपल्या तुटपुंज्या पगारांतून शिक्षक ठेवून गणिताचा अभ्यास सुरू केला.

१८८१ सालीं त्यांचा विवाह झाला व त्याच वर्षीं त्यांना एक नवा धूमकेतु सांपडला. नव्या धूमकेतूच्या शोधाबद्दल एका धनिकानें २०० डॉलरचें बक्षीस ठेविलें होतें. त्या पैशांवर त्यांनीं लहानसें घर बांधावयास घेतलें. पुढील धूमकेतूंच्या बक्षिसांतून कर्जाचे हप्ते फिटत गेले, आणि तें घर धूमकेतूंचें घर म्हणून प्रसिद्धीस आलें. १८८३ मध्यें व्हँडरबिल्ट विद्यापीठानें त्यांना आश्रय दिला, व १८८८ मध्यें कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेंत त्यांची नेमणूक झाली.

तेथें त्यांच्या हातीं सहा इंच व्यासाचें एक जुनें भिंग आलें. मूळ तें माणसांच्या तसबिरी काढण्यासाठीं घडविलेलें होतें! १८८९ पासून त्यांनीं तें आकाशगंगेकडे वळविलें. पृथ्वी फिरते, म्हणून तारे आकाशांत सरकतात. कॅमेरा त्यांच्याबरोबर न सरकला तर ताऱ्यांच्या बिंदूंऐवजीं रेघा उमटतात. यंत्र कॅमेरा फिरवी खरें, परंतु त्याची बारीक चूक सुधारण्यासाठीं दुर्बिणीतील तारेवर एक तारा धरून कित्येक तास नजर न हलवितां बसावें लागे. थंडीनें बोटें बधिर होत, तरी हात थांबवितां येत नसे. छपरावरील मुलाचें कामच आतां वेधशाळेंत चाललें होतें. फरक इतकाच, कीं सूर्याच्या जागीं तारा आला होता.

९ सप्टेंबर १८९२ रोजीं दुर्बिणींतून पाहून त्यांनीं गुरूचा पांचवा चंद्र शोधून काढला. गॅलिलिओनंतर २८२ वर्षांत गुरूचा नवा चंद्र कोणास सांपडला नव्हता. पुढच्याच महिन्यांत एका छायाचित्रावरून त्यांनीं नवा धूमकेतु ओळखला. केवळ छायाचित्रावरून शोध लागलेला तो पहिला धूमकेतु.

१८९५ मध्यें ते शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेकडे गेले. त्यांच्या छायाचित्रांत आकाशगंगेवर काळे डाग दिसत. तीं ताऱ्यांमधलीं रिकामीं भोंकें असावींत, असें पुष्कळ वर्षें त्यांनाही वाटे. १९१३ च्या उन्हाळ्यांत एका निरभ्र रात्रीं काम करीत असतां, चकाकणाऱ्या आकाशगंगेपुढें आलेले लहान लहान ढग त्यांना काळे डागच भासले. दूरच्या त्या डागांपैकीं पुष्कळही असेच प्रकाश अडविणारे मेघ असावेत, हा विचार त्यांच्या मनांत दृढ झाला. आपलें जुनें मत सोडण्यास ते लाजले नाहींत. १९१९ मध्यें त्यांनीं अशा १८२ कृष्णमेघांची यादी प्रसिद्ध केली. ते धुळीचे मेघ आहेत हें पुढें सिद्ध झालें.

आकाशगंगेच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह छापावयाचा होता. छपाईच्या शाईनें बारीक तारे बुजतील, म्हणून प्रत्येक प्रतींत खरीं छायाचित्रें घालावयाचें ठरलें. आणि अशीं ३५,७०० छायाचित्रें त्यांनीं एकेक करून स्वतः तपासलीं. १९२१ मध्यें पत्नी निवर्तल्या. ६ फेब्रुवारी १९२३ रोजीं त्यांनींही देह ठेविला. संग्रह त्यांनीं पाहिला नाहीं. सहकारी फ्रॉस्ट व पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट यांनीं तो १९२७ मध्यें पूर्ण केला.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वांट्यास आलेलें काम क्षुल्लक आहे असें वाटूं लागलें, म्हणजे छपरावर जागत बसलेल्या त्या नऊ वर्षांच्या मुलाची आठवण करा. आणि पालकांनीं आठवावी ती त्याची आई : मुलास देण्यास तिच्याजवळ पैसा नव्हता, परंतु वाचनाची गोडी होती, आणि ती तिनें हातचें न राखतां दिली.