विश्लेषण : लोकमान्य टिळकांना मधुमेह होता... इन्सुलिन येण्याआधी तो कसा सांभाळला गेला?

लोकमान्य टिळकांचे खटले, तुरुंगवास आणि अग्रलेख शाळेपासून सगळ्यांना पाठ असतात. त्यांना मधुमेह होता, ही गोष्ट मात्र पुस्तकाच्या कुठल्याशा ओळीत राहून जाते. १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मुंबईच्या सरदारगृहात त्यांचे निधन झाले. आधी हिवताप आणि मग न्यूमोनिया, असे कारण सांगितले जाते. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, १९२१ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला. टिळकांची प्रकृती हा त्यांच्या चरित्राचा एक स्वतंत्र धागा आहे. तो रत्नागिरीपासून सुरू होतो.

रत्नागिरीचा अशक्त मुलगा

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत टिळकांचा जन्म झाला. टिळक आळीतले ते कौलारू घर आजही पाहता येते. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, संस्कृत आणि गणित हे त्यांचे विषय. मूळ गाव दापोली तालुक्यातले चिखलगाव. आई पार्वतीबाईंनी मुलगा व्हावा म्हणून कडक व्रते आणि उपास केले होते. त्यामुळे त्यांची प्रकृती खालावली आणि मूलही किरकोळ निपजले, असे जुने चरित्रकार लिहितात. कारण तेच होते का, हा भाग सोडून देऊ. मुलगा अंगाने बारीक होता, एवढे खरे.

१८६६ मध्ये गंगाधरपंतांची पुण्याला बदली झाली. पाठोपाठ आई गेली. १८७१ मध्ये लग्न झाले आणि १८७२ मध्ये वडीलही वारले. सोळाव्या वर्षी या मुलाकडे बुद्धी भरपूर होती, डोक्यावर वडीलधारे कोणी नव्हते आणि अंगात बळ नव्हते.

एक वर्ष फक्त शरीरासाठी?

डेक्कन कॉलेजात गेल्यावर टिळकांनी जे केले ते आजच्या पालकांना झोप उडवणारे वाटेल. पहिले वर्ष त्यांनी जवळजवळ पूर्णपणे तालीम, कुस्ती, पोहणे आणि पोटभर खाणे याला दिले. अभ्यास मागे पडला. पण वर्षाअखेरीस शरीर बदललेले होते. रुंद छातीचे, दमदार टिळक आपण चित्रांत पाहतो, त्यांची पायाभरणी या वर्षातली. पुढे कायद्याची पदवी (१८७९), न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) आणि केसरी-मराठा (१८८१) ही एकामागून एक कामे त्यांनी अंगावर घेतली, ती याच भांडवलावर.

आजच्या जिमपेक्षा यात वेगळे काय?

वेळ. टिळकांना वर्ष लागले. आज जिममध्ये पहिल्याच महिन्यात कोणीतरी इंजेक्शन किंवा गोळ्यांचा ‘कोर्स’ सुचवतो. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनले ते १९३५ मध्ये, म्हणजे टिळकांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. त्याच घराण्यातली अॅनाबॉलिक स्टेरॉईड आज बाजारात चोरून विकली जातात. स्नायू झपाट्याने वाढतात हे खरे. पण यकृतावर ताण येतो, यकृतात गाठी होऊ शकतात, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल बिघडते, अंडकोष आकसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या औषधांना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या आजारात डॉक्टर देतात ती स्टेरॉईड वेगळी. त्यांनी स्नायू वाढत नाहीत, पण रक्तातली साखर वाढते. मधुमेह असलेल्यांनी ती घेतली तर साखरेवर बारकाईने लक्ष ठेवावे लागते. २०२१ च्या करोना लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, जे रुग्ण पाहिले, त्यांच्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉईड ही जोडी वारंवार दिसली. मात्र घाबरून अशी औषधे स्वतःच्या मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे असते. दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉईड मिळाले की शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करते, त्यामुळे डोस हळूहळू उतरवावा लागतो.

तुरुंगात वजन का उतरत होते?

१८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तिथे दोघांचीही प्रकृती खालावली. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. मॅक्समुल्लर यांच्यासारख्या विद्वानांनी रदबदली केली आणि सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले, तेव्हा तब्येत फार उतरलेली होती. मग सिंहगडावरची हवा आणि विश्रांती घेऊन त्यांनी ती सावरली. सिंहगड हा त्यांचा कायमचा उतारा होता.

तुरुंगात वजन उतरले की दोष अन्नाला दिला जातो, आणि बहुतेक वेळा तो खराच असतो. पण प्रयत्नाशिवाय वजन घटणे हे मधुमेहाचेही लक्षण आहे. वारंवार लघवी, न भागणारी तहान, थकवा, लवकर न भरणारी जखम, हिरड्या आणि दातांच्या तक्रारी ही त्याची भावंडे. प्रत्येकाला वेगळे निमित्त सापडते. तहान उन्हाने, थकवा कामाने आणि दात वयाने. म्हणूनच हा आजार वर्षानुवर्षे घरात राहूनही ओळख देत नाही.

मंडालेत काय घडले?

२२ जुलै १९०८ रोजी न्या. दिनशा दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होणार होती. आधी साबरमती आणि मग ब्रह्मदेशातील मंडालेचा किल्ला. इतिहासाने इथे एक विचित्र अदलाबदल करून ठेवली आहे. मंडालेच्या ज्या किल्ल्यात टिळक कैदी होते, तो राजा थिबाचा. आणि तो राजा त्या वेळी टिळकांच्या जन्मगावी, रत्नागिरीत, इंग्रजांच्या नजरकैदेत दिवस काढत होता. १९१६ मध्ये तो तिथेच वारला.

टिळकांची खोली लाकडी फळ्यांची होती. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत फटींतून येणारा वारा आणि अधूनमधून धुळीची वादळे. अशा जागी पन्नाशी उलटलेला मधुमेही माणूस सहा वर्षे राहिला.

त्या काळी मधुमेहावर औषध नव्हते. लघवीतली साखर तपासता येत होती. निळे द्रावण घालून उकळायचे आणि रंग विटकरी झाला तर साखर आहे असे समजायचे. आजही शाळेच्या प्रयोगशाळेत बेनेडिक्टची ही चाचणी करतात. उपचार म्हणाल तर एकच, खाणे बदलणे. अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन यांनी १९१० च्या दशकात रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत चालवली. त्यामुळे काही जण थोडे अधिक जगत, पण हाडांचे सापळे होऊन.

टिळकांनी पथ्य धरले. भात आणि गहू बाजूला ठेवून सातूचे, म्हणजे जवाचे पीठ आणि दूध यांवर भर दिला. कोकणात जन्मलेल्या माणसाने भात सोडणे म्हणजे काय, हे कोकणी वाचकाला वेगळे सांगायला नको. रांधून द्यायला कुलकर्णी नावाचा सातारकडचा एक कैदी होता. सातूची निवड योगायोगाने का होईना, योग्य होती. त्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. आज आहारतज्ज्ञ त्याच कारणाने त्याची शिफारस करतात.

उरलेला दिवस वाचन आणि लेखनाचा. जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचा अभ्यास झाला. १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले, ते सुटकेनंतर १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची तार आली. तरीही वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि ठरलेले पथ्य चालू राहिले. तुरुंगाने दिलेली ही एकमेव सवलत म्हणायची. जेवणाचा आग्रह करणारे कोणी नव्हते आणि रात्री बारापर्यंत बैठका नव्हत्या.

सुपारीचे काय?

टिळकांच्या आठवणींत अडकित्ता हमखास येतो. उघड्या अंगाने बसलेले, सुपारी कातरत बोलणारे टिळक अनेकांनी वर्णन केले आहेत. तेव्हा सुपारी ही शौकाची आणि पाहुणचाराची वस्तू होती. तिच्यात धोका आहे असे कोणाच्या मनातही नव्हते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखू खाणे-ओढणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध १९५५ मध्ये आकड्यांनिशी मांडला. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, यावर जागतिक शिक्कामोर्तब व्हायला २००४ साल उजाडले. टिळकांना कर्करोग झाला नव्हता. पण दापोली-गुहागरच्या वाडीत पिकणारी ही सुपारी आज चघळणाऱ्याला ते अज्ञान उरलेले नाही. तोंडात पांढरा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा तोंड पूर्ण न उघडणे दिसले, तर दंतवैद्याला दाखवायला पैसेही फारसे लागत नाहीत.

सुटकेनंतर पथ्य टिकले का?

जून १९१४ मध्ये मध्यरात्री टिळकांना पुण्यात घरी सोडण्यात आले. त्यानंतरच्या सहा वर्षांचे वेळापत्रक पाहिले तर उत्तर मिळते. १९१६ मध्ये होमरूल लीग, लखनौ करार आणि गावोगावचे दौरे झाले. सप्टेंबर १९१८ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, व्हॅलेंटाईन चिरोलवरच्या दाव्यासाठी ते बोटीने लंडनला निघाले. तिथे वर्षभराहून अधिक काळ काढला, लंडनचा हिवाळा सोसला आणि दावा हरल्याने मोठा खर्च डोक्यावर घेतला. नोव्हेंबर १९१९ मध्ये परतले आणि महिन्याभरात अमृतसरच्या काँग्रेसला हजर झाले.

मंडालेत शरीराचे ऐकणारा माणूस बाहेर आल्यावर देशाचे ऐकू लागला. त्याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. पण मधुमेहाला कारण पटत नाही. तो फक्त झोप, जेवण आणि दगदग मोजतो.

जुलै १९२० मध्ये नेमके काय झाले?

जुलैच्या मध्यास टिळक ताईमहाराज प्रकरणाच्या कामासाठी मुंबईला आले आणि सरदारगृहात उतरले. ताप येऊ लागला, तो हिवतापाचा मानला गेला. ताप थोडा उतरला असताना एका तरुण कार्यकर्त्याच्या आग्रहावरून ते मोटारीतून फेरफटका मारायला गेले. भर पावसाळ्यातली मुंबई होती. परतल्यावर थंडी भरली आणि ताप चढला. २३ जुलैचा चौसष्टावा वाढदिवस आजारपणातच गेला. मग न्यूमोनिया, वात आणि भ्रम. शहरातले नामांकित डॉक्टर उशाशी होते. रस्त्यावर लोक बातमीसाठी ताटकळत उभे होते.

मोटारीतल्या गार वाऱ्याने न्यूमोनिया झाला, असे अनेक वर्षे सांगितले गेले. वैद्यकशास्त्र तसे म्हणत नाही. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो. मात्र तापाने थकलेल्या, साखर वाढलेल्या आणि चौसष्ट वर्षांच्या शरीरात जंतूंना अडवणारी यंत्रणा दुबळी असते. साखर जास्त असली की पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. उलट जंतुसंसर्ग झाला की साखर आणखी चढते. हे चक्र तोडायला दोन गोष्टी लागतात, इन्सुलिन आणि प्रतिजैविक. सरदारगृहातल्या डॉक्टरांच्या पेटीत यांतले एकही नव्हते.

आज मधुमेह असलेल्याला ताप आला, तर जेवण गेले नाही तरी साखर दिवसातून अनेकदा तपासायची असते. औषध-इन्सुलिन मनाने बंद करायचे नसते. आणि धाप, छातीत दुखणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसताच रुग्णालय गाठायचे असते. ताप उतरला म्हणजे आजार संपला, असे समजणे हीच नेहमीची फसगत.

इन्सुलिन किती दूर होते?

गिरगाव चौपाटीवर टिळकांच्या चितेला अग्नी दिला गेला, तेव्हा टोरांटोच्या प्रयोगाला अजून सुरुवातही व्हायची होती. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर स्वादुपिंडाचा अर्क वापरून पाहिला. जानेवारी १९२२ मध्ये तो पहिल्यांदा माणसाला टोचला गेला. लेनर्ड थॉम्प्सन हा तो मुलगा अॅलनच्या उपासमारीच्या आहारावर कसाबसा जगत होता. इन्सुलिनने त्याला आणखी तेरा वर्षे मिळाली. १९३५ मध्ये, पेनिसिलिन रुग्णालयांत पोहोचण्याआधी काही वर्षे, तो न्यूमोनियाने गेला.