वेढ्यातला ताप आणि उबेचं औषध

1232 मध्ये मंगोल सैन्याने उत्तर चीनमधल्या काइफेंग या राजधानीला वेढा घातला. वेढा उठला आणि त्यानंतर माणसं मरू लागली. शहराला बारा दरवाजे होते. प्रत्येक दरवाजातून रोज हजार ते दोन हजार प्रेतं बाहेर जात, आणि हे जवळपास तीन महिने चाललं, असं त्या शहरात असलेल्या ली गाओ या वैद्यांनी लिहून ठेवलं आहे. आकडे थोडे फुगलेले असतीलही. त्यांना पडलेला प्रश्न मात्र आजही बिनतोड वाटतो: एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी बाहेरचा थंडी-वारा कसा बाधेल?

ली गाओ यांचा जन्म 1180 चा, झेंदिंगच्या श्रीमंत घरातला. आई आजारी पडली तेव्हा वैद्यांची रीघ लागली. कुणी थंडीचा विकार म्हणालं, कुणी उष्णतेचा. सगळी औषधं देऊन झाली. आई गेली, आणि रोग कोणता हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. मग मोठी रक्कम मोजून ते चांग युआनसू या नामांकित वैद्यांचे शिष्य झाले. पुढे नोकरी केली ती करवसुली खात्यात. तिथे असतानाच, 1202 च्या साथीत डोकं-चेहरा सुजून माणसं दगावू लागली, तेव्हा त्यांनी एक काढा बसवला आणि त्याची कृती लाकडावर कोरून वर्दळीच्या जागी लावली.

काइफेंगमधले वैद्य तापाच्या रोग्यांना घाम आणणारी औषधं देत होते, कुणी तर जमालगोटा. ली गाओंचं म्हणणं असं की ही माणसं महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेली, राबलेली, भ्यालेली. त्यांचं जठर आणि पानथरी खचली आहे. (चिनी वैद्यकातली पानथरी म्हणजे आपल्या बरगडीखालचा अवयव नव्हे, तर अन्नातून शक्ती काढणारी सारी यंत्रणा, आपल्याकडच्या जठराग्नीच्या जवळ जाणारी कल्पना.) अन्नातून ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, तयार होत नाही, म्हणून अंगात कधी हुडहुडी, कधी ताप. अशा तापावर थंड औषध नको. गोड आणि उष्ण औषधाने शक्ती भरून काढायची.

दोन्ही ताप ओळखायच्या त्यांच्या खुणा मला फार आवडतात, कारण त्यांना रोग्याजवळ बसावं लागतं. बाहेरून आलेल्या रोगात हाताची मागची बाजू जास्त तापते, आतून खचलेल्याचे तळहात. खचलेल्याची थंडी पांघरुणाने थांबते, दुसऱ्याची शेकोटीजवळही थांबत नाही. खचलेल्याच्या तोंडाला चव नसते, आवाज क्षीण असतो, बोलायचाही कंटाळा येतो.

काइफेंगमध्ये साथच असावी, असं आज काही इतिहासकार मानतात. प्लेगचाही संशय घेतला जातो. म्हणजे ली गाओंचं निदान कदाचित अर्धंच बरोबर होतं. पण उपाशी माणसाला जुलाब देऊन शरीरातलं पाणी आणि क्षार काढून घेणं जिवावर बेततं, हे त्यांनी अचूक हेरलं. भुकेने रोगप्रतिकारशक्ती घटते आणि शरीराला स्वतःची ऊब राखणं जड जातं, हेही आता ठाऊक आहे.

पुढे 1244 मध्ये ते गावी परतले. 1247 आणि 1249 मध्ये त्यांनी आपले विचार ग्रंथरूपात मांडले. लुओ थ्येनयी नावाच्या गरीब शिष्याला त्यांनी शिकवलंच, वर त्याचं घर चालावं म्हणून चांदीही दिली. 1251 मध्ये मृत्यूपूर्वी हस्तलिखितं त्याच्याच हाती सोपवली.

त्यांचा जिनसेंग, ज्येष्ठमध, संत्र्यासारख्या फळाची साल वगैरे आठ द्रव्यांचा काढा आजही चीन-जपानमध्ये थकव्यावर देतात. जपानमध्ये तर तो राष्ट्रीय आरोग्यविम्यात बसतो. मोठ्या, भक्कम चाचण्यांचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. शिवाय ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं आणि स्नायू उलट अधिकच गळतात. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी असा काढा स्वतःच्या मनाने सुरू करू नये. हातपाय गार पडतात, अंगात त्राण नाही, अशी तक्रार घेऊन आमच्याकडे स्त्रिया रोज येतात. त्यांचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आम्ही आधी तपासतो. आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर त्या काय जेवतात, हेही विचारतो.