मातीतून टीबीचं औषध काढणारे वाक्समन

१६ ऑगस्ट ही सेलमन वाक्समन यांची पुण्यतिथी. १९७३ साली अमेरिकेत ते वारले. स्ट्रेप्टोमायसिन म्हटलं की त्यांचंच नाव येतं. पण त्या नावामागे आणखी एक नाव आहे, तेही सांगायला हवं.

वाक्समन यांचा जन्म २२ जुलै १८८८ चा, आताच्या युक्रेनमधल्या एका लहान गावातला. लहानपणी धाकटी बहीण घटसर्पानं गेली. १९१० मध्ये ते अमेरिकेला आले, न्यू जर्सीत नातेवाइकाच्या शेतावर राहिले आणि रटगर्स कॉलेजात शेतीशास्त्र शिकले. त्यांचा विषय माती आणि तिच्यातले जिवाणू. पहिल्या पावसात मातीचा जो वास सुटतो, तो बराचसा ज्या अॅक्टिनोमायसीट जिवाणूंमुळे येतो, त्यांचाच त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला.

मातीत जागा आणि अन्न यांसाठी जिवाणूंची सतत मारामारी चालते. काही जिवाणू दुसऱ्यांना मारणारं रसायन सोडतात. तेच औषध म्हणून वापरता येईल का, हे वाक्समन आणि त्यांचे विद्यार्थी हजारो नमुने तपासून बघत होते.

ऑक्टोबर १९४३ मध्ये अल्बर्ट शॅट्झ या २३ वर्षांच्या विद्यार्थ्यानं तळघरातल्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन शोधलं. एक जिवाणू शेणखताच्या शेतातल्या मातीत सापडला, दुसरा कोंबडीच्या घशात. टीबीवर चालणारं हे पहिलं अँटिबायोटिक. तोवर टीबीच्या पेशंटला मुख्य आधार म्हणजे आराम, मोकळी हवा आणि सकस जेवण. मिरजेजवळ वानलेसवाडीला त्यासाठीच लोक जायचे.

पेटंटवर दोघांचीही नावं होती आणि दोघांनीही हक्क रटगर्सच्या संस्थेला लिहून दिले होते. पण रॉयल्टीतला वाटा वाक्समनना मिळतो, हे शॅट्झना नंतर कळलं. १९५० मध्ये ते कोर्टात गेले. तडजोड झाली: सहसंशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीचे ३ टक्के. वाक्समनना १० टक्के राहिले, त्यातले निम्मे त्यांनी संशोधनाच्या फाउंडेशनला दिले. मात्र १९५२ चं नोबेल एकट्या वाक्समनना मिळालं. शॅट्झना रटगर्सनं पदक दिलं ते १९९४ मध्ये.

वाक्समन यांचं काम मोठंच. माती कुठे आणि कशी शोधायची, हे त्यांनीच शिकवलं. पण औषध ज्याच्या हातून निघालं, त्याचं नाव घेतल्यानं गुरूचा मान कमी होत नाही.