हातावर शाईचा पट्टा ओढणारे डॉक्टर

डॉ. नील्स फिन्सन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवर झाला. ही बेटे युरोपच्या उत्तरेला समुद्रात आहेत. तिथे ढग फार आणि ऊन थोडे. ते चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली. एका शाळेत त्यांचे जमले नाही, म्हणून वडिलांनी त्यांना आइसलंडमधल्या शाळेत घातले. पुढे ते कोपनहेगन शहरात शिकले आणि १८९० साली डॉक्टर झाले.

तरुणपणीच त्यांना मोठे दुखणे लागले. त्यांची खोली उत्तरेकडे होती, तिथे ऊन येत नसे. उन्हात बसले की बरे वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. मग उन्हात असे आहे तरी काय, ते शोधायचे त्यांनी ठरवले.

त्यांनी स्वतःच्याच हातावर काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि हात बराच वेळ उन्हात धरला. मग शाई पुसली. शाईखालची कातडी पांढरीच राहिली होती. बाजूची कातडी लाल झाली आणि काही दिवसांनी सावळी झाली. नंतर तोच हात त्यांनी शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. आता उलटेच झाले! पांढरा पट्टा भाजला, पण सावळ्या कातडीला काही झाले नाही. म्हणजे सगळ्या कातडीला ऊन सारखे सोसत नाही. लावणीनंतर माझ्या बाबांचे हात काळे होतात आणि सदऱ्याखालचा दंड गोरा राहतो, ते मला आठवले.

त्या काळी क्षयाचे जंतू कातडीत शिरून लोकांच्या तोंडावर जखमा होत. माणसे तोंड लपवून राहत. फिन्सन यांनी विजेच्या प्रखर दिव्याचा उजेड स्फटिकाच्या भिंगातून त्या जखमांवर पाडला. कातडी पोळू नये म्हणून मध्ये थंड पाणी ठेवले. १८९६ साली त्यांची संस्था निघाली. शेकडो रोगी बरे झाले. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते स्वतः मात्र बरे झाले नाहीत. २४ सप्टेंबर १९०४ रोजी ते वारले. तेव्हा ते फक्त ४३ वर्षांचे होते.

पुढे क्षयावर औषधे निघाली. पण उन्हातले अतिनील किरण आजही कोड आणि सोरायसिस या रोगांवर दिव्याने देतात. माझ्या मावशीला कोड आहे. डॉक्टरांनी आधी तिच्या पाठीवर छोटे चौकोन आखले. एका चौकोनावर थोडा वेळ उजेड, दुसऱ्यावर जरा जास्त, तिसऱ्यावर आणखी जास्त. बाकीची पाठ झाकलेली. मग दुसऱ्या दिवशी परत बोलावले. मावशीला वाटले, उगीच खेप घालायला लावतात. पण लाली लगेच दिसत नाही, ती सुमारे २४ तासांनी नीट कळते. कोणता चौकोन जेमतेम लाल झाला ते बघून, त्यापेक्षा कमी वेळाने उपचार सुरू करतात. घाई केली तर कातडी भाजते.

मित्रांनो, कोड शिवल्याने होत नाही. तरी लग्नात मावशीच्या शेजारी कोणी जेवायला बसत नाही. मी बसते. तुम्हीपण बसा.

— इयत्ता ४ थी, जि. प. शाळा, ता. मंडणगड