पत्नी ब्लड कॅन्सरने गेली, वर्षभरात सगळी मिळकत दान केली! सर दोराबजी टाटांची गोष्ट

कॅन्सरचा नुसता संशय आला तरी तालुक्याच्या दवाखान्यात एकच नाव निघतं, मुंबईचं 'टाटा'. परळचं हे हॉस्पिटल गावोगावी माहीत आहे. पण त्यामागे एका नवरा-बायकोची कहाणी आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नाही.

जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा. केंब्रिजला शिकले, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवी घेतली, काही काळ वर्तमानपत्रात नोकरी केली आणि मग वडिलांच्या धंद्यात आले. १९०४ मध्ये जमशेटजी वारले. पोलादाचा कारखाना, खोपोलीची वीज, बंगळुरूची विज्ञान संस्था ही त्यांची अपुरी राहिलेली स्वप्नं दोराबजींनी तडीस नेली. खेळाचंही वेड होतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचे खेळाडू गेले, त्यासाठी त्यांनी पदरचे पैसे घातले.

१८९८ मध्ये त्यांचं लग्न मेहेरबाई भाभा यांच्याशी झालं. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळायच्या, मुलींच्या शिक्षणासाठी आणि बालविवाहाच्या विरोधात काम करायच्या. दोराबजींनी त्यांना ज्युबिली नावाचा २४५ कॅरेटचा हिरा घेऊन दिला होता. वजनाने तो कोहिनूरच्या दुपटीहून जास्त! १९२४ मध्ये पोलाद कारखाना बुडायच्या बेतात आला, तेव्हा दोघांनी या हिऱ्यासकट स्वतःची मालमत्ता गहाण टाकून इंपीरियल बँकेकडून एक कोटीचं कर्ज उचललं. कारखाना वाचला.

पण १८ जून १९३१ ला मेहेरबाई ब्लड कॅन्सरने गेल्या. घरात पैशाची ददात नव्हती, विलायतेतले डॉक्टर होते. पण त्या काळी या रोगाला बरं करणारं औषधच जगात नव्हतं. मग पैसा असून काय उपयोग? जे औषध अजून कुणी शोधलेलंच नाही, ते विकत कसं आणणार?

दोराबजींनी नेमकं तेच ओळखलं. पत्नीचा पुतळा उभारण्यापेक्षा त्यांनी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला आणि त्यात २५ लाख रुपये घातले. हा पैसा मुख्यतः ब्लड कॅन्सरच्या संशोधनासाठी, आणि तोही केवळ भारतातल्या नव्हे, जगातल्या कुठल्याही संशोधकासाठी. त्यांना मूलबाळ नव्हतं. उरलेली मिळकत, शेअर, जमीनजुमला, दागिने, सगळं दुसऱ्या एका ट्रस्टला देऊन टाकलं. त्यानंतर काही महिन्यांतच, पत्नीच्या कबरीकडे निघालेले असताना, ३ जून १९३२ ला जर्मनीत त्यांचं निधन झालं. इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत.

ज्युबिली हिरा १९३७ मध्ये विकला गेला आणि पैसा ट्रस्टकडे आला. याच ट्रस्टने परळला ८० खाटांचं हॉस्पिटल बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं. पुढे ते सरकारकडे आलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्या विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे.

संशोधनाने काय मिळतं, असं कुणी विचारेल. याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत खानोलकर यांनी रोज येणाऱ्या रुग्णांच्या सवयी तपासल्या. चुना लावून ओठात धरलेल्या तंबाखूचा आणि तिथल्याच कॅन्सरचा संबंध त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडला. आज गावच्या पारावर पोरांना तंबाखू सोड म्हणून सांगितलं जातं, त्यामागे अशाच शोधांचा आधार आहे.

दोराबजींएवढी मिळकत कुणाकडे नसते. पण जत्रेची, मंडळाची वर्गणी काढणाऱ्या गावाला आजारी माणसासाठी आणि संशोधनासाठी चार पैसे बाजूला काढणं अवघड नाही. जे औषध मेहेरबाईंना मिळालं नाही, ते दुसऱ्याला मिळावं म्हणून एका माणसाने सगळं दिलं. ते स्वतः मात्र हे हॉस्पिटल पाहू शकले नाहीत.