पिंपरीच्या मातीतला शोध : डॉ. एम. जे. तिरुमलाचार

पावसाळ्यात होस्टेलच्या कपाटातल्या बुटांवर बुरशी चढते. आपण ती फडक्याने पुसतो आणि लेक्चरला पळतो. पण बुरशीचे काही भाऊबंद थेट माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात, हे किती जणांना ठाऊक आहे?

अंधेरी-घाटकोपरच्या खिडक्यांवर कबुतरांची विष्ठा साचते. अशा वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढू शकते. श्वासावाटे ती फुप्फुसात जाते. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण एचआयव्ही, अवयवरोपण किंवा कॅन्सरच्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती ढासळली असेल, तर ती मेंदूच्या आवरणात शिरते. डोकं ठणकतं, ताप येतो, शुद्ध हरपते. उपचार झाले नाहीत तर रोगी दगावतोच.

बुरशीवरचं औषध आपल्याच महाराष्ट्रात शोधणारा माणूस म्हणजे डॉ. एम. जे. तिरुमलाचार. १९१४ मध्ये जन्मलेले हे शास्त्रज्ञ मुळात वनस्पतींवरच्या बुरशीचे अभ्यासक. पिकांवरच्या काणी रोगाच्या भारतातल्या बुरशींवर त्यांनी डॉ. मुंडकुरांबरोबर लिहिलेला ग्रंथ १९५२ मध्ये आला. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी प्राध्यापकीही केली. पुढे ते पुण्याजवळच्या पिंपरीला, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये संशोधन विभागाचे प्रमुख झाले.

जन्मभर बुरशी ओळखण्यात घालवलेला माणूस आता बुरशीचे शत्रू शोधू लागला! मातीतल्या एका तंतुमय जीवाणूपासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन मिळवलं. १९६१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या जीवाणूला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचं नाव असं विज्ञानात गेलं. पिकांच्या बुरशीवरचं ऑरिओफंजिन हेही त्यांच्याच प्रयोगशाळेतलं.

हॅमायसिन बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्याला भोकं पाडतं. पेशीतला ऐवज गळून जातो आणि बुरशी मरते. मग अडलं कुठे? ते पाण्यात नीट विरघळत नाही. तोंडाने दिलं तर रक्तात फारसं उतरत नाही. त्यामुळे त्याचा उपयोग मुख्यतः वरवर लावण्यापुरता राहिला. शरीराच्या आतल्या बुरशीसाठी डॉक्टर वापरत राहिले ते त्याच कुटुंबातलं, अमेरिकेत तयार झालेलं अँफोटेरिसिन बी. तेही शिरेतून द्यावं लागतं आणि मूत्रपिंडांना त्रास देतं.

खरी गोम इथेच आहे. औषध सापडणं ही अर्धी लढाई, ते योग्य जागी पोचवणं ही उरलेली अर्धी. ती लढली गेली लिपोसोमने, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांनी. दिल्ली विद्यापीठ आणि परळच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी लिपोसोममधलं अँफोटेरिसिन भारतात विकसित केलं. १९९० च्या दशकात हॅमायसिनही असंच पिशवीत भरून उंदरांवर तपासलं गेलं. पण ते माणसांच्या इंजेक्शनपर्यंत आलं नाही.

डॉ. तिरुमलाचार १९९९ मध्ये गेले. २०२१ मध्ये कोविडनंतरची काळी बुरशी नाकातून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत चढू लागली, तेव्हा अँफोटेरिसिनच्या एकेका इंजेक्शनसाठी मुंबईत नातेवाईक दारोदार फिरले. त्याच कुटुंबातलं एक औषध साठ वर्षांपूर्वी पिंपरीत सापडलं होतं, हे त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल?

मित्रांनो, विरघळवणं, गाळणं, सूक्ष्म कण बनवणं, स्वस्तात भरपूर तयार करणं ही डॉक्टरांची नाही, इंजिनिअरची कामं आहेत. तिरुमलाचारांनी त्यांच्या वाट्याचं काम केलं. उरलेलं आपल्या सिलॅबसमध्ये आहे.