सेलबोर्नचा पक्षिमित्र धर्मोपदेशक : गिल्बर्ट व्हाइट

ज्या गावी माणूस जन्मतो ते त्याचे गाव, की ज्या गावाशी त्याचा खराखुरा परिचय होतो ते त्याचे गाव? नोकरीधंद्यानिमित्त देशभर विखुरलेल्या आपणा मराठी कुटुंबांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. अठराव्या शतकात इंग्लंडमधील एका आडगावी होऊन गेलेल्या एका साध्या धर्मोपदेशकाच्या चरित्रात या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो, म्हणून त्या चरित्राचा हा अल्प परिचय.

गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील सेलबोर्न या खेड्यात झाला. त्यांचे आजोबा त्या गावच्या चर्चचे धर्मगुरू होते आणि नातवाचे नावही आजोबांचेच होते. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजातून १७४३ मध्ये ते बी. ए. झाले, पुढील वर्षी त्याच कॉलेजचे फेलो झाले आणि यथाकाल त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. परंतु आजोबांचे पद त्यांच्या वाट्यास येणे शक्य नव्हते. सेलबोर्नच्या धर्मगुरूची नेमणूक करण्याचा अधिकार दुसऱ्याच एका, मॅग्डलेन नावाच्या कॉलेजकडे होता. अन्यत्र अधिक मानाच्या व प्राप्तीच्या जागा मिळण्याजोग्या असताना व्हाइट यांनी गाव सोडले नाही. शेजारच्या फॅरिंगडन गावी त्यांनी अनेक वर्षे सहायक धर्मोपदेशकाचे काम केले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतःच्या गावीही ते सहायक म्हणूनच राहिले. बढतीपेक्षा ठिकाण मोठे मानणारा मनुष्य विरळाच. आम्हा सरकारी नोकरांना तर त्याचे विशेष नवल वाटावे!

'द वेक्स' हे त्यांचे घर. घरामागे बीच वृक्षांनी आच्छादलेला उंच उतार होता. त्यावर चढून जाण्यासाठी १७५३ मध्ये त्यांनी भावाच्या साहाय्याने नागमोडी पायवाट तयार केली. ही पायवाट, आसपासची कुरणे, तळी आणि खोलगट गाडीवाटा हेच त्यांचे विद्यापीठ झाले. १७५१ पासून ते बागेची रोजनिशी लिहू लागले. १७६८ पासून तिची जागा निसर्गाच्या रोजनिशीने घेतली. आज वारा कोणता, पाऊस किती, कोणते फूल उमलले, कोणता पक्षी प्रथम दिसला, अशा नोंदी त्यांनी अखेरच्या आजारापर्यंत, म्हणजे सुमारे २५ वर्षे, अखंड ठेवल्या.

त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बहुधा मारलेल्या पक्ष्यांची कातडी तपासणे. व्हाइट यांनीही पक्षी टिपलेले आहेत. परंतु जिवंत पक्ष्याचे चालणे, उडणे आणि गाणे यांवरून त्याची ओळख पटविणे हा त्यांचा खरा मार्ग. ज्या चिमुकल्या पर्णवटवट्यांना लोक एकच जात समजत, त्या तीन भिन्न जाती आहेत हे त्यांनी मुख्यतः आवाजाच्या भेदावरून ओळखले. गावात दरवर्षी पाकोळ्यांची सुमारे आठ जोडपी येतात हे मोजून, मग त्यांची वाढती प्रजा जाते तरी कोठे, असा मार्मिक प्रश्न त्यांनी विचारला.

व्हाइट यांच्या निसर्गप्रेमामागे ख्रिस्ती श्रद्धा होती. सृष्टीच्या रचनेत ईश्वराची प्रज्ञा प्रकट होते, हा विचार जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १६९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला होता, आणि रे यांना व्हाइट गुरुस्थानी मानीत. तथापि त्यांनी आपल्या पत्रांचे प्रवचन होऊ दिले नाही. ईश्वराची कृती वर्णावयाची तर ती आधी नीट पाहिली पाहिजे, हीच जणू त्यांची उपासना होती. १७७७ मधील एका पत्रात त्यांनी गांडुळाची थोरवी सांगितली. हा तुच्छ जीव जमीन पोखरून भुसभुशीत करतो, पाने-काड्या आत ओढतो, आणि तो नसेल तर भूमी कठीण व नापीक होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे याच विषयावर डार्विनने १८८१ मध्ये संपूर्ण ग्रंथ लिहिला.

सृष्टीतील कारुण्यही त्यांच्या दृष्टीतून सुटले नाही. गावाजवळच्या एका जुन्या ओक वृक्षावर डोमकावळ्यांचे पिढीजात घरटे होते. इमारती लाकडासाठी तो वृक्ष तोडला गेला तेव्हा मादी अंड्यांवर बसलेली होती. कुऱ्हाडीचे घाव बसत राहिले, झाड कलले, तरी ती उठली नाही आणि झाडाबरोबरच मृत्युमुखी पडली. ही हकीकत त्यांनी मोजक्या शब्दांत नोंदविली आहे. तिच्यावर भाष्याचा भार घातलेला नाही.

एका कोड्याने मात्र त्यांना जन्मभर सतावले. भिंगऱ्या हिवाळ्यात कोठे जातात? जिब्राल्टर येथे असलेल्या त्यांच्या भावाने स्थलांतर करणारे पक्षी प्रत्यक्ष पाहिले होते. तरी काही भिंगऱ्या गावाजवळच निद्रिस्त राहत असाव्यात, ही शंका त्यांच्या मनातून गेली नाही. त्यांनी माणसे लावून झुडपे व बिळे तपासविली. हाती काहीच लागले नाही, आणि तेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले. इंग्लंडमध्ये पायात कडे घातलेली एक भिंगरी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली, तेव्हा कोठे इंग्लंडच्या भिंगऱ्यांचा दूरचा मुक्काम सिद्ध झाला.

टॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन विद्वान मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून त्यांचा सेलबोर्नविषयीचा ग्रंथ सिद्ध झाला. १७८८ च्या अखेरीस तो बाहेर आला. मुखपृष्ठावर साल १७८९ आहे. प्रकाशक त्यांचेच बंधू बेंजामिन. त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. २६ जून १७९३ रोजी व्हाइट निवर्तले. गावच्या चर्चच्या आवारात, केवळ आद्याक्षरे व तारीख कोरलेल्या साध्या दगडाखाली त्यांची समाधी आहे. १९५५ पासून 'द वेक्स' हे संग्रहालय म्हणून लोकांस खुले झाले.

वृक्षांना व पाखरांना सोयरे मानणाऱ्या तुकोबांच्या वाचकांना हा परदेशी धर्मोपदेशक परका वाटू नये. त्याला जन्मगावी राहण्याचे भाग्य लाभले; आपल्याला ते नाही. परंतु त्याचे गाव त्याचे झाले ते केवळ जन्मामुळे नव्हे, तर नित्य पाहण्याने. तेवढे तर बदलीच्या गावीही करता येते. आपल्या वसाहतीतील जुन्या इमारतीच्या छज्जाखाली पाकोळ्यांची किती घरटी आहेत, हिवाळ्यात तारांवर भिंगऱ्या प्रथम कोणत्या तारखेला दिसतात, हे आपल्या मुलांनी वहीत लिहावयास आरंभ केला, तर ज्या प्रदेशाचे अन्न आपण खातो तो प्रदेश त्यांना परका राहणार नाही. गावाकडची ओढ त्याने कमी होणार नाही. उलट सुटीत गावी गेल्यावर तेथील पाखरेही त्यांना अधिक ओळखीची वाटतील.